कमरेचं रिव्हॉल्व्हर दिसतं, घसरतं, विसरतं: वारंवार होणाऱ्या चुका आणि त्यांची दुरुस्ती

गेल्या मे महिन्यात एका लग्नात माझे एक सराफ मित्र नवरदेवाच्या आजीच्या पाया पडायला वाकले. सदरा पाठीवर चढला आणि कमरेला लावलेल्या रिव्हॉल्व्हरची तपकिरी मूठ अख्ख्या मांडवाला दिसली. मागची पोरं कुजबुजायला लागली, एकानं मोबाइल वर केला. आशीर्वादाला उचललेला आजींचा हात तसाच वर राहिला. त्यांच्या बायकोनं पुढे होऊन सदरा खाली ओढला, तेव्हा कुठे मित्राच्या ध्यानात आलं. रात्री साडेअकराला त्यांचा फोन आला. "दादा, तिसऱ्यांदा झालं हे. लोकांत जायची लाज वाटायला लागलीय. नेमकं चुकतंय कुठे?"

हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. सातारा जिल्ह्यात हमरस्त्याला आमचा पेट्रोल पंप आहे. रोकड घेऊन रात्री-अपरात्री यावं लागतं, म्हणून २००९ पासून माझ्याकडे परवाना आहे. नवीन परवाना हातात पडला की सराफ, ठेकेदार, पंपवाले ओळखीनं येतात. नेम कसा धरायचा हे कोणी विचारत नाही. पँट घसरते, संडासात काय करू, देवळाच्या दारात अडवलं, गाडीत विसरलो, असल्या अडचणी घेऊन येतात. या गोष्टी कोणी चारचौघांत बोलत नाही, त्यामुळे प्रत्येकाला वाटतं हे फक्त आपल्याच बाबतीत होतंय. म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

सगळ्या तक्रारींचं मूळ

परवाना मिळून दोन-तीन वर्षं झाली होती, तेव्हा मी एक दिवस खिशात कागद ठेवला. रिव्हॉल्व्हरला किती वेळा हात लागतो, किती वेळा ते जागेवरून निघतं, ते लिहीत गेलो. गाडीत बसताना टोचतं म्हणून काढलं, उतरताना लावलं. जेवताना काढलं. संडासात काढलं. बँकेत जाताना गाडीत ठेवलं, आल्यावर पुन्हा लावलं. रात्रीपर्यंत ते अकरा वेळा जागेवरून निघालं होतं, आणि त्यातल्या एकाही वेळी खरी गरज नव्हती. आज ते सकाळी लागतं आणि रात्री निघतं, दोनच वेळा.

दिसणं, पडणं, विसरणं, चुकून गोळी सुटणं, या सगळ्याची मुळं त्या अकरा वेळांत आहेत. शस्त्र होल्स्टरमध्ये, म्हणजे त्याच्या कमरेच्या घरात, आणि होल्स्टर पट्ट्यावर असेल तर त्याला दिवसभर काही होत नाही. ते हातात येतं तेव्हाच काहीतरी घडतं. त्यामुळे खाली जे जे उपाय सांगतो, त्यांचा रोख एकच आहे: दिवसभरात शस्त्राला हात लावायची वेळच कमीत कमी यावी.

आणि याला नुसती फजिती समजू नका. २०१६ च्या शस्त्र नियमांतला ३२ वा नियम सांगतो की सार्वजनिक ठिकाणी रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल अंगाला लावलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशा पिशवीत असलं पाहिजे, पूर्ण झाकलेलं असलं पाहिजे आणि बाळगणाऱ्याचा त्यावर ताबा असला पाहिजे. म्हणजे नेफ्यात नुसतं खोचलेलं, सदऱ्याबाहेर डोकावणारं आणि गाडीच्या सीटवर टाकलेलं, तिन्ही नियमाबाहेर. परवाना खिशात आहे म्हणून यातलं काही माफ होत नाही.

तक्रार: पँट घसरते, सारखी वर ओढावी लागते

कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याचं .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर, जे आपल्याकडे बऱ्याच लोकांकडे दिसतं, ते रिकामं सुमारे ७०० ग्रॅम भरतं. सहा काडतुसं घातली की पाऊण किलोच्या वर जातं. 'निर्भीक' नावाचं दुसरं रिव्हॉल्व्हर हलकं, सुमारे ५०० ग्रॅम. हे वजन कमरेच्या एकाच बाजूला लटकतं आणि आपण ते पेलायला लावतो दुकानातल्या पातळ, शोभेच्या पट्ट्याला. पट्टा पिळतो, होल्स्टर बाहेर झुकतं, मूठ शरीरापासून सुटते आणि सदऱ्याला फुगवटा येतो. मग माणूस दर पाच मिनिटांनी पँट वर ओढतो. त्या ओढण्यानंच सगळ्यांचं लक्ष कमरेकडे जातं.

लोक महागडं होल्स्टर घेतात आणि पट्टा जुनाच ठेवतात. मी म्हणेन आधी पट्टा बदला. मी चपला शिवणाऱ्या एका कारागिराकडून करून घेतला: दीड इंच रुंद, कातड्याचे दोन थर, दोन्ही कडांना शिवण. पट्टा एका टोकाला आडवा धरला की पुढची वीतभर लांबी सरळ राहिली पाहिजे. लगेच माना टाकणारा पट्टा रिव्हॉल्व्हरच्या कामाचा नाही. दुसरी गोष्ट, होल्स्टरची फट आणि पट्ट्याची रुंदी सारखी हवी. दीड इंचाच्या फटीत एक इंचाचा पट्टा घातलात तर होल्स्टर दिवसभर पुढे-मागे सरकत राहणार.

नाडीच्या पायजम्यावर, लुंगीवर, ट्रॅकपँटच्या इलॅस्टिकवर शस्त्र लावू नका. त्याला उपाय नाही. त्या दिवशी ते घरी तिजोरीत राहील.

तक्रार: वाकलं की दिसतं

आता माझ्या सराफ मित्राकडे येऊ. त्यांच्या घरी जाऊन मी त्यांना नेहमीच्या कपड्यांत होल्स्टर लावायला सांगितलं, शस्त्र तिजोरीतच ठेवून आणि त्या जागी तेवढ्याच लांबीचं लाकूड घालून. मग वहिनींना मागे उभं केलं. आरशात स्वतःची पाठ दिसत नाही, दुसऱ्याचे डोळेच लागतात. त्यांच्याकडून या हालचाली करून घेतल्या: पाया पडणं, पंगतीला मांडी घालून बसणं, दाराला तोरण बांधायला हात वर करणं, लहान मूल उचलून घेणं, गाडीत बसून सीटबेल्ट लावणं. पाचांपैकी चारांत मूठ दिसली.

दोन कारणं निघाली. पहिलं, होल्स्टर पाठीकडे फार सरकलेलं होतं. तिथे उभं असताना छान लपतं, पण वाकताना कापड नेमकं तिथूनच वर ओढलं जातं आणि मूठ आभाळाकडे तोंड करते. ते आम्ही पुढे, थेट कमरेच्या हाडावर आणलं.

दुसरं कारण मलाही नवीन होतं. ते लग्नाकार्याला नेहरू सदरा घालतात. चांगला मांडीपर्यंत लांब, त्यामुळे त्यांना वाटायचं की यात काही दिसणार नाही. पण नेहरू सदऱ्याला दोन्ही बाजूंना चिरा असतात, आणि त्या सुरू होतात कमरेच्या जरा खाली. मांडी घातली की चीर फाकते, पुढचा पदर एकीकडे, मागचा दुसरीकडे, आणि बरोबर मध्ये रिव्हॉल्व्हर. शिंप्याकडून उजव्या बाजूची चीर चार बोटं खाली शिवून घेतली. दिसायला काही फरक पडत नाही. कापड जाड, गडद किंवा चौकटीचं घ्या. पांढऱ्या मलमलीखाली काळी मूठ उन्हात स्पष्ट उमटते.

आणि पाया पडायची पद्धत बदलावी लागते. कमरेतून वाकायचं नाही. डावा पाय पुढे, गुडघे वाकवून खाली जायचं, पाठ ताठ. वडीलधाऱ्यांनाही त्यात अधिक अदब वाटते, असा माझा अनुभव आहे.

गळाभेटीचं मात्र लक्षात ठेवा. समोरच्याचा हात कमरेवर येतो. आपण स्वतः डावा खांदा पुढे करून भेटलं की त्याचा हात उजव्या कमरेपर्यंत पोचत नाही. आणि कडेवर मूल घ्यायचं ते डाव्या बाजूला. मुलाची टाच होल्स्टरच्या बटणाला लागून ते उघडल्याचं मी पाहिलं आहे.

तक्रार: संडासात काय करावं समजत नाही

याबद्दल कोणी बोलत नाही आणि सर्वात मोठ्या चुका इथेच होतात. फ्लशच्या टाकीवर ठेवून विसरलेलं रिव्हॉल्व्हर, खिडकीच्या कट्ट्यावर राहिलेलं पिस्तूल. माझ्या ओळखीच्या एकानं ते हॉटेलात टाकीवर ठेवलं, बाहेर येऊन जेवणाची ऑर्डर दिली आणि दहा मिनिटांनी कमरेवर हात गेला तेव्हा काळजाचं पाणी झालं. धावत गेला तर आत दुसरं माणूस. दार उघडेपर्यंतची ती तीन-चार मिनिटं तो अजून विसरलेला नाही. शस्त्र जागेवर मिळालं. ते आत गेलेल्या माणसाच्या भलेपणामुळे.

उपाय असा. होल्स्टरमधून शस्त्र काढायचंच नाही. बसायच्या आधी होल्स्टरचं बटण किंवा पट्टी लागली आहे ना, ते बोटांनी चाचपून बघा. पँट गुडघ्यापर्यंतच खाली घ्या आणि तिथे पट्ट्याचं बक्कल पुन्हा लावा, म्हणजे पट्टा दोन्ही गुडघ्यांत ताणून राहतो आणि होल्स्टर पालथं पडत नाही. आपल्या बैठकीच्या संडासात हे जास्त गरजेचं, कारण उकिडवं बसलं की मूठ थेट जमिनीकडे वळते. होल्स्टर आतल्या बाजूला, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये, पँटच्या घडीवर टेकवा. बसस्थानकासारख्या ठिकाणी, जिथे दोन संडासांमधली भिंत खालून मोकळी असते, तिथे तर ते कापडानं झाका.

खुंटीला अडकवू नका. चापाभोवतीच्या कडीत खुंटी घालून रिव्हॉल्व्हर लटकवणारे मी पाहिले आहेत. काढताना तीच खुंटी चापावर दाब देते आणि नळीचं तोंड आपल्याकडे असतं.

पडत असेल तर पडू द्या

हे वेगळं लिहितो, कारण यात जीव जातो. हातातून काही निसटलं की झेलायला हात आपोआप जातो. लहानपणापासूनची सवय आहे ती. पण पडतं शस्त्र झेलताना बोटं कुठेही बसतात, आणि बऱ्याचदा ती चापावर बसतात. ते जमिनीवर पडू द्या, स्थिर होऊ द्या, मग मूठ धरून उचला. ओरखडा पडेल, तो दुरुस्त होतो.

जुन्या बनावटीच्या रिव्हॉल्व्हरांत पडल्यावरही धोका असतो. घोडा, म्हणजे काडतुसावर ठोका मारणारा मागचा भाग, थेट काडतुसाच्या टोपीवर टेकलेला असेल आणि मध्ये अडवणारा भाग नसेल किंवा झिजलेला असेल, तर घोड्यावर आपटल्यावर गोळी सुटू शकते. म्हणूनच जुनी माणसं सहा घरांच्या रिव्हॉल्व्हरात पाचच काडतुसं ठेवत आणि घोडा रिकाम्या घरावर टेकवत. १ ऑक्टोबर २०२४ ला पहाटे जुहूच्या घरी अभिनेते गोविंदा यांच्या पायाला गोळी लागली, ती अशाच वेळी. बाहेरगावी निघायची घाई, परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हातातून निसटलं, खाली पडलं आणि गोळी गुडघ्याखाली घुसली. त्यात शत्रू नव्हता, झटापट नव्हती. शस्त्र फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागेवर चाललं होतं. तुमचं रिव्हॉल्व्हर वारशानं आलेलं असेल तर परवानाधारक दुकानदाराकडच्या मिस्त्रीकडून घोड्याची ही अडण एकदा तपासून घ्या.

तक्रार: गाडीत, पाहुण्यांकडे विसरतो

गाडीत बसल्यावर टोचतं म्हणून दाराच्या खणात किंवा समोरच्या कप्प्यात ठेवायचं, ही सवय मोडा. गाडी धुणाऱ्याच्या, ड्रायव्हरच्या, हॉटेलात गाडी लावणाऱ्या पोराच्या हातात ते पडतं. सीटबेल्टची खालची पट्टी होल्स्टरच्या खालून, मांडीला चिकटून घ्या आणि सीटची पाठ एक खाच मागे करा. बहुतेकांचं टोचणं तेवढ्यानं थांबतं. तरी टोचत असेल तर होल्स्टर बोटभर पुढे घ्या.

कधी उतरवून ठेवणं भागच असेल, उदाहरणार्थ दवाखान्यात तपासणीला जाताना, तर गाडीला बोल्ट केलेली कुलुपाची छोटी पेटी बसवून घ्या. आणि त्या पेटीत शस्त्राबरोबर घराची किल्ली ठेवा. घरी आल्यावर दार उघडत नाही, मग पेटी आठवतेच. डोकं विसरतं, पण किल्लीवाचून अडलेला माणूस विसरू शकत नाही.

पाहुण्यांकडे गेल्यावर "जरा वर ठेवा हो कपाटावर" असं म्हणून कोणाच्या हातात देणं तर पूर्ण बंद. त्या माणसाकडे परवाना नाही. मुक्कामाला जायचं असेल आणि तिथे कुलुपाची सोय नसेल, तर शस्त्र नेऊच नका. लांबच्या प्रवासाआधी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रदुकानात जमा करून पावती घेता येते. शस्त्र नियमांत तशी तरतूद आहे. आणि खरंच हरवलं, तर आधी घरभर शोधून मग बघू असं करू नका, लगेच ठाण्यात कळवा.

तक्रार: दारात झडती होते, सगळे बघतात

मॉल, न्यायालय, मोठी देवस्थानं, सिनेमागृह. यंत्र वाजतं, रांग थांबते, आणि घाबरून माणूस काय करतो, तर सदरा वर करून दाखवतो. सुरक्षारक्षकाला फक्त एवढंच दिसतं की समोरच्याचा हात शस्त्राकडे चालला आहे.

यावर खरा उपाय सकाळी घरीच करायचा असतो. आज कुठे कुठे जायचं आहे ते मनात धरा. त्यात झडतीची एक जरी जागा असेल, तर शस्त्र घरी. शिर्डीला जायचंय, जिल्हा न्यायालयात तारीख आहे, मुलीच्या शाळेत पालकसभा आहे, तर ते तिजोरीतून निघतच नाही. शस्त्र सोबत असणं ही सवय होऊ देऊ नका. ते रोकडीसाठी घेतलं आहे, तर रोकडीच्या दिवशी लावा. माझं स्वतःचं आता आठवड्यातून दोन-तीन दिवसच निघतं.

तरीही दारात जाऊन उभे राहिलात आणि आठवलं, तर दोन्ही हात दिसतील असे छातीसमोर ठेवा, रांगेतून बाजूला व्हा आणि जबाबदार माणसाला हळू आवाजात सांगा: "माझ्याकडे परवान्याचं शस्त्र आहे, मी परत जातोय." कमरेला हात लावायचा नाही, काढून दाखवायचं नाही. त्यांनी परवाना मागितला तर वरच्या खिशातून द्यायचा. परवाना कमरेच्या मागच्या खिशात ठेवू नका, हे त्यासाठीच सांगतो.

तक्रार: सुटं काडतूस नको तिथे सापडतं

हे फजितीच्या पलीकडे जातं. एका ठेकेदार मित्राची गोष्ट सांगतो. घरचे सगळे विमानानं लग्नाला निघाले होते. त्यांनी जी पाठीवरची बॅग घेतली, ती एरवी शेतावर न्यायची. विमानतळावर यंत्रातून बॅग गेली आणि परत गेली, मग आणखी एकदा गेली. बाजूच्या कप्प्यात अस्तराखाली .३२ चं एकच काडतूस होतं. घरचे विमानात बसले, ते पोलीस ठाण्यात. शस्त्र घरी होतं, परवाना होता, पण तो महाराष्ट्रापुरता, आणि चालले होते दुसऱ्या राज्यात. पुढे वकील, जबाब, उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करण्यासाठी अर्ज. नकळत राहिलेलं काडतूस आणि जाणूनबुजून बाळगलेलं काडतूस यात कायदा फरक करतो. ताब्यात असणं म्हणजे त्याची जाणीवही असणं, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७२ मध्ये गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात म्हटलं आहे. पण ते न्यायालयात जाऊन सिद्ध करावं लागतं, आणि तोवर लग्न होऊन जातं.

मी काय करतो ते सांगतो. काडतुसं खिशात सुटी टाकायची नाहीत, कधीच. किल्ल्या आणि नाण्यांबरोबर तर नाहीच. जास्तीची न्यायची तर पट्ट्याला लावायच्या कातडी घरांत. ज्या बॅगेत एकदा काडतूस गेलं, ती बॅग प्रवासाला वापरायची नाही. आणि घरात एक वही: सकाळी किती बाहेर गेली, रात्री किती परत आली. सहा गेली, सहा आली, खाली सही. एका रात्री पाचच भरली. सगळं घर शोधलं. कपडे धुवायच्या यंत्रात पँटच्या घड्याळखिशात अडकलेलं ते बायकोला दुसऱ्या दिवशी सापडलं. वही नसती तर मला कळलंही नसतं. असं भिजलेलं काडतूस पुन्हा भरायचं नाही, दुकानदाराकडे द्यायचं.

ज्यांच्या घरी रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल दोन्ही आहेत त्यांनी आणखी जपा. दोन्ही .३२ म्हणवतात, पण काडतुसं एक नाहीत. रिव्हॉल्व्हरचं लांब आणि रुंद किनारीचं, पिस्तुलाचं आखूड. दोन डबे, दोन वेगळे कप्पे.

तक्रार: रात्री उतरवताना गडबड होते

थकलेला माणूस, एका हातात मोबाइल, समोर टीव्ही. घरात गोळी सुटायची भीती असते ती या वेळी.

कानपूरचं .३२ मधोमध मोडून उघडतं. वरची खिटी दाबली की नळी खाली झुकते आणि पूर्ण उघडलं की सहाही काडतुसं एकदम वर उचलली जातात. घाईत उघडलं की ती टणटण उडून पलंगाखाली घरंगळतात. मग माणूस रिव्हॉल्व्हर तसंच गादीवर टाकून गुडघ्यावर बसतो, आणि तेवढ्यात नातवंड खोलीत येतं. मी परातीत जुना टॉवेल घालून ठेवला आहे. त्यावर धरून सावकाश उघडतो. काडतुसं टॉवेलवरच राहतात. ती परातीच्या कडेला ओळीनं उभी करतो. सहा मोजून झाली की मग सिलेंडरची, म्हणजे काडतुसं बसतात त्या फिरत्या भागाची, सहाही घरं उजेडाला धरून बघतो. हे चालू असताना खोलीचं दार बंद, फोन बाहेर, कोणाशी बोलणं नाही. नळीचं तोंड कोपऱ्यातल्या वाळूच्या बादलीकडे.

पिस्तूलवाल्यांची चूक वेगळी असते. मॅगझिन, म्हणजे मुठीतली गोळ्यांची पेटी, काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं त्यांना वाटतं. नळीत एक गोळी राहिलेली असते. आधी मॅगझिन काढा, मग स्लाइड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, मागे ओढा, आत डोळ्यांनी बघा, बोट घालून चाचपा. क्रम उलटा केलात, म्हणजे आधी स्लाइड ओढून मग मॅगझिन काढलंत, तर तुम्हीच नवीन गोळी नळीत चढवलेली असते.

शस्त्र होल्स्टरमधून काढून तिजोरीत ठेवा. कातडं पावसाळ्यात आणि घामानं ओल धरतं, नळीला गंज चढतो आणि कातडी घरांत राहिलेल्या काडतुसांच्या पितळेवर हिरवट थर येतो. महाबळेश्वरच्या बाजूला राहणाऱ्यांनी जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा तेलाचं फडकं फिरवावं.

लोकांना कळतं कसं

शेवटी एक गोष्ट, जी कोणी तक्रार म्हणून सांगत नाही, पण मला जवळपास प्रत्येक नवीन परवानाधारकात दिसते. दर थोड्या वेळानं कोपरानं चाचपणं. गर्दीत शिरताना हात कमरेवर. खुर्चीवरून उठताना आधी सदरा ओढणं. फुगवटा कोणाच्या लक्षात येत नाही, तो लोकांना मोबाइलचा वाटतो. हात मात्र लक्षात येतो. हाताला काम द्या: फाइल धरा, पिशवी धरा. पट्टा घट्ट असला आणि बटण लागलेलं असलं की चाचपायची गरज महिन्याभरात आपोआप सुटते.

आणि "दाखव की जरा" म्हणणारे मित्र. यात माझं मत ठाम आहे. नाही म्हणायचं, भावालाही नाही, साहेबालाही नाही. दाखवायचं म्हणजे काढायचं, काढायचं म्हणजे दुसऱ्याच्या हातात जायचं. वराती-मिरवणुकीत हवेत गोळी झाडणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर लोकांचा जीव धोक्यात येईल अशा आनंदाच्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि वर गेलेली गोळी कोणाच्या तरी गच्चीवर उतरतेच. जिथे दारू आहे, तिथे शस्त्र नाही. हे मला कोणाला समजावून सांगावं लागू नये असं वाटतं, पण लागतं.

दिसलंच तर त्या क्षणी

धसकून हात मारू नका. सरळ उभे राहा, डाव्या हातानं सदरा खाली घ्या, उजवा हात दूर. ज्याला दिसलं त्याच्या नजरेला नजर देऊन शांतपणे सांगा, "परवान्याचं आहे, घाबरू नका, मी निघतोय." आणि खरंच निघा. तिथे थांबून खुलासे करत बसलात तर आणखी चार जणांना कळतं.

माझ्या सराफ मित्रांचा लग्नातला फोटो त्याच रात्री गावातल्या एका ग्रुपवर फिरला. मी त्यांना सांगितलं, कोणी तक्रार करायच्या आत तुम्हीच जा. दुसऱ्या दिवशी सकाळी परवाना घेऊन ते ठाण्यात गेले आणि घडलं ते सगळं सांगितलं. तिथल्या अधिकाऱ्यांनी नोंद करून घेतली आणि समज दिली. तिथून ते थेट शिंप्याकडे गेले. कपाटातल्या सहा नेहरू सदऱ्यांच्या उजव्या चिरा त्यांनी त्याच दिवशी शिवून घेतल्या. मग त्या आजींच्या घरी गेले, त्या वेळी कमरेला काहीही नव्हतं, आणि राहिलेला आशीर्वाद घेऊन आले.